चिलीम सुळक्याची पहिली मेख

"मग तुम्हाला झोप लागते कशी?"

शार्दूल ओरडलाच. टाक्याच्या काठावर भाकरी खात बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"कोणाला विचारतोस?"

"तुम्हालाच. तुम्ही बांदल मास्तर ना?"

"हो."

"मग तुम्हालाच."

ओळखायला शार्दूलला क्षणसुद्धा लागला नव्हता. केशव बांदलांचा फोटो आमच्या गिर्यारोहण क्लबच्या भिंतीवर होता, तोही हार घालून. माणूस धडधाकट जिवंत असताना हार घालायची ही काय रीत, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा मला गप्प बसवलं गेलं. ते असो.

बत्तीस वर्षांपूर्वी चिलीम नावाचा हा सुळका पहिल्यांदा चढले ते बांदल मास्तर. कारखान्यात टर्नर होते. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांचं पोलाद तापवून त्यांनी स्वतः मेखा घडवल्या आणि सुळक्याच्या भेगांत ठोकल्या. गेली वीस वर्षं ते कोणाला दिसले नव्हते. नाव मात्र मोठं होत गेलं.

आणि आज ते शार्दूल गोवेकरला असे अवचित, सुळक्याच्या पायथ्याशी भेटले. तोंडात घास होता आणि शेजारी जुनी सॅक.

शार्दूल सव्वीस वर्षांचा. दोनदा पेपरात फोटो आलेला. त्यानं खिशातून एक गंजलेली मेख काढली आणि मास्तरांच्या भाकरीवर फेकली.

"ही तुमची."

मास्तरांनी भाकरी बाजूला ठेवली. मेख उचलून उन्हात धरली.

"माझीच. पहिली. तीस फुटांवरची."

"माझा जोडीदार हेरंब तिच्यात दोर अडकवून दहा फूट वर गेला. त्याचा पाय सुटला. ही निघाली. चाळीस फूट खाली आला तो, सरळ दगडावर. पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, बसेल. चालेल की नाही ते सांगत नाहीत." शार्दूलचा आवाज फाटला. "आणि तुम्ही इथं भाकरी खाताय!"

"बातमी वाचूनच आलो."

"कशाला?"

"उरलेल्या मेखा काढायला. सकाळपासून बसलोय…"

"मग काढा की!"

"चौऱ्याहत्तरचा आहे मी. गुडघा वर उचलत नाही." मास्तरांनी त्याच्या कमरेकडे पाहिलं. "तू हातोडा कशाला आणलायस?"

"तुमच्या मेखा उपटायला. एकूण एक. तुमचं नाव राहता कामा नये या दगडावर."

"बरं झालं भेटलास."

शार्दूलला हे झोंबलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं होकार दिला की त्याची फार पंचाईत होते.

मास्तर नखानं मेखेच्या कडीतला लाल थर खरवडत होते.

"हा सगळा गंज नाही. काय आहे?"

"…कुंकू."

"मेखेला?"

"पहिल्या मेखेची पूजा करतात. चढाईच्या आधी. हार घालतात, नारळ फोडतात. पाणी मेखेवर ओततात. तुमच्या वेळेपासून चालू आहे."

"नारळाचं पाणी. लोखंडावर. बत्तीस वर्षं."

"तुम्ही कधी थांबवलंत?"

मास्तरांनी नखात अडकलेलं कुंकू पाहिलं.

"नाही. पहिली दोन वर्षं मी इथंच उभा असायचो नारळ फोडताना. छान वाटायचं."

"म्हणजे चूक तुमची आहे!"

"आहे." मास्तरांनी मेख खाली ठेवली नाही. "हेरंबनं ठोकून पाहिली होती का?"

शार्दूलनं कमरेचा हातोडा चाचपला.

जे कधी दगडाला झोंबले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जुनी मेख दिसली की आधी तिच्यावर हातोडा मारायचा. नीट बसलेली असेल तर ती खणखणते. आतून सैल असेल तर नुसतं ठक्क होतं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मेख कोणाची आहे, हा प्रश्न त्यात कुठं येत नाही. पण चिलमीच्या पहिल्या मेखेला आमच्याकडं कोणी हातोडा लावत नसे. तिला कपाळ टेकायचं आणि पुढं जायचं. मीही टेकलंय. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

"ठोकली होती का?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"त्यानं हातोडा काढला होता…"

"मग?"

"परत ठेवला."

"का?"

"खालून हाक आली."

"कोणाची?"

टाक्यातलं पाणी हलत नव्हतं. शार्दूल त्याच्याकडे पाहत राहिला.

"'मास्तरांची मेख आहे, तिला ठोकतोस काय, चल वर.' असं… असं ओरडलो मी."

मास्तर मेखेवरचं कुंकू खरवडत राहिले. त्यामुळं शार्दूलचा राग आणखी भडकला. कोणी दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही," तो म्हणाला. "रोज विचारतो. 'शार्दुल्या, मी ठोकली होती का रे?' स्वतःलाच खातोय तो. त्याची आई कॉटशेजारी बसून ऐकत असते."

"तू काय सांगतोस?"

"मेख मास्तरांची होती, असं सांगतो."

"ते खरंय." मास्तर उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "चल. दोर मी धरतो."

"तुम्ही?"

"मग काय, वरून देव येणारेय का?"

सुळक्याच्या पायथ्याशी अंजनीचं झाड आहे. मास्तरांनी त्याच्या बुंध्याला स्वतःला बांधून घेतलं आणि दोराचं टोक शार्दूलकडं दिलं. शार्दूलनं आपली गाठ मारली. मग तो उलटा फिरला आणि मास्तरांच्या कमरेची गाठ दोन्ही हातांनी हिसडून पाहिली. बुंधा हलवून पाहिला. मास्तरांचे हातमोजे काढायला लावून तळहात पाहिले, बोटं मिटवून पाहिली. तीनदा दोर झटकला.

"माझी गाठ तपासतोस?"

"तपासणार! तुमच्यावर काडीचा विश्वास नाही माझा."

"हा तपासणारा पंधरा दिवसांपूर्वी कुठं होता रे?"

हे मात्र मास्तर ओरडून म्हणाले. झाडावरचा कावळा उडाला. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता. हा राग कोणावरचा होता, ते शार्दूलला त्या वेळी कळलं नाही.

तो चढू लागला.

तीस फुटांवर रिकामी भेग होती. तिच्याखाली झेंडूची वाळलेली पाकळी दगडाला चिकटलेली. शार्दूलनं तिथं स्वतःची नवी मेख ठोकली, आवाज ऐकला, दोर अडकवला आणि पुढं सरकला.

मास्तरांची दुसरी मेख पन्नास फुटांवर. हातोडा मारला. ठक्क. दोन बोटांनी ओढली तर हातात आली. त्यानं ती खाली भिरकावली आणि एक घाणेरडी शिवी दिली. दोर मात्र हवा तेवढाच सुटत होता, वीतभर जास्त नाही, वीतभर कमी नाही.

तिसरी मेख सत्तर फुटांवर. हातोडा मारला.

खण्ण.

समोरच्या कड्यावरून आवाज परत आला.

शार्दूलनं डावीकडून मारला, उजवीकडून मारला. मेखा काढतात त्या सगळ्या रीतींनी मारून पाहिलं. मग रीत सोडली. हेरंबच्या नावानं मारला, त्याच्या आईच्या नावानं मारला, भिंतीवरच्या फोटोच्या नावानं मारला. शेवटी कोणाच्याच नावानं नाही, नुसता मारत राहिला. बोटांची सालं निघाली. मेख केसभर हलली नाही.

ऊन डोक्यावर आलं. हात उचलेना. वर जायची ताकद नव्हती, तशीच दगड धरत खाली उतरायचीही नव्हती. तो कपाळ दगडाला लावून रडला. मला त्यानंच सांगितलं म्हणून लिहितो.

मग त्यानं तिसऱ्या मेखेत आपल्या कमरेची कडी अडकवली, कडीतून दोर घेतला आणि ओरडला.

"मास्तर! उतरवा."

मास्तरांनी उतरवलं. सावकाश, एका लयीत, कुठं हिसका नाही.

शार्दूलचे पाय जमिनीला लागले.

"तिसरी निघत नाही," तो म्हणाला.

"मग उतरलास कशावर?"

"तिच्यावरच."

"माझीच आहे ती."

"ठोकून पाहिली. चांगली आहे."

"हं…"

मास्तर दोर गुंडाळू लागले. त्यांचे तळहात सोलून निघाले होते; हातमोजे शार्दूलनं काढायला लावले होते आणि परत घाला म्हणाला नव्हता. ते रक्त पाहिलं आणि शार्दूलचा उरलासुरला ताठा गळून पडला. तो वाकला. मास्तरांच्या पायांना हात लावायला गेला.

मास्तरांनी पाय झटकन मागं घेतले, विंचू दिसावा तसे.

"परत? अजून कुंकू उरलंय का तुझ्याकडं?"

"मास्तर, मी…"

"गप."

त्यांनी टाक्यावरून पहिली मेख आणली. गंजलेली, कडीत लाल थर असलेली. ती शार्दूलच्या उजव्या हातात ठेवली आणि त्याची बोटं, मघाशी त्यानं त्यांची पाहिली होती तशीच, एकेक करून मिटवून पाहिली.

"हेरंब रोज काय विचारतो म्हणालास?"

"'मी ठोकली होती का.'"

"दवाखान्यात भेटायची वेळ काय असते?"

"चार ते सहा. पण मास्तर, त्याची आई असते तिथं… मी काय तोंडानं…"

मास्तरांनी एकदा उन्हाकडं पाहिलं.

"दीडची एसटी मिळेल. पळ."