भिंतीवरचा कोरा कागद

छायाचित्रकलेत चांगला तयार झालेला एक शिष्य होता आणि त्याच्या सुदैवाने त्याला अत्यंत सहनशील असे वृद्ध गुरू लाभले होते. ही कथा त्या सहनशीलतेच्या अंताची आहे.

शिष्याच्या आईची दृष्टी हळूहळू मावळत होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मोबाइलवरचे फोटो दिसेनासे झाले, तेव्हा ती म्हणाली, "एखादा मोठा करून भिंतीवर लाव रे. दिसतंय तोवर बघते." शिष्याने तत्काळ निश्चय केला की घरीच मोठ्या आकाराचा फोटो प्रिंटर घ्यायचा, आणि घ्यायचा तर सर्वोत्तमच.

झाले! निश्चय झाला आणि काम थांबले. सतरा इंची घ्यावा की चोवीस इंची? एक शाई म्हणे शंभर वर्षे टिकते, तर दुसरीचा काळा रंग अधिक गहिरा. तो ऊठसूट गुरूंना फोन करी. गुरू समजावून सांगत, त्याला ते पटेही, आणि मग कुठला तरी व्हिडिओ पाहून स्वारी पुन्हा मूळपदावर येई. असे वर्ष गेले. अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यावे, दुसरे काय!

एका सकाळी त्याने विचारले, "गुरुजी, रोलवाला घेऊ की सुट्या कागदांचा?"

गुरूंनी फोनच ठेवून दिला. थोड्या वेळाने ते स्वतः दारात उभे राहिले, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन. आईच्या खाटेसमोरच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा, पांढराशुभ्र कागद चिकटपट्टीने लावला आणि ते चालू लागले.

शिष्य गोंधळला. "अहो गुरुजी, ह्यावर तर काहीच नाही!"

"नाहीच!" गुरू कडाडले. "वर्षभर तू तिला हेच दाखवतोयस. अरे शहाण्या, न चालवलेल्या प्रिंटरची शाई आतल्या आत वाळते, हे वाचलंयस ना? तुझं तेच झालंय. शाई शंभर वर्षं टिकायला हवी, आणि आईचे डोळे? बरं, समज, प्रिंटर आला. छापणार काय?"

शिष्य मोबाइलवरचे फोटो चाळू लागला. फोटो हजारो होते, पण आईला त्यातला कोणता हवा, हे त्याने विचारलेच नव्हते.

"तुझ्या बाबांचा," खाटेवरून आई म्हणाली. "ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीतला. अंगणात हसतायत तो."

"ऐकलंस? आधी चित्र ठरतं, मग आकार, मग यंत्र," गुरू म्हणाले. "आणि आज यंत्रही नको. बाजारात छापून देतात. ऊठ!"

संध्याकाळपर्यंत फोटो भिंतीवर लागला. रंग किंचित पिवळट आले होते, पण गुरूंसमोर ते बोलण्याची शिष्याची छाती झाली नाही. आई उठून भिंतीपाशी गेली. नाक कागदाला टेकेल इतक्या जवळून ती बराच वेळ पाहत राहिली.

"अगं बाई," ती एकदम म्हणाली, "सदऱ्याचं बटण चुकवलंय ह्यांनी! दिवसभर तसेच फिरले असतील. मी कसं नाही सांगितलं?"

शिष्य पुढे येऊन पाहू लागला. त्या फोटोची तीक्ष्णता त्याने कितीदा तपासली होती, आणि ते बटण त्याला आज प्रथमच दिसत होते.