डुबीची डोणी भरेना

गावाने टेकडीवर चर खणले. पावसाचं पाणी चरांत थांबलं, जमिनीत मुरलं, विहिरीत आलं. विहीर भरली गच्च!

विहिरीजवळ होती दगडी डोणी. गाई-म्हशी तिथे पाणी प्यायच्या. डोणीत राहायची डुबी बेडकी. तिची दोन बाळं होती. इवलीशी, शेपटीवाली.

एक दिवस डुबी बघते तर काय! डोणीत पाणी उरलं ओंजळभर. बाळं करतात चुळबुळ चुळबुळ.

"डोणी, डोणी, भर ना गं!"

डोणी म्हणाली, "पंप फिरेल, मग मी भरेन."

डुबी निघाली. टपाक टपाक!

"पंपा, पंपा, फिर ना रे! पंप फिरेना, डोणी भरेना. माझी बाळं पोहतील कशी?"

पंप म्हणाला, "सोलर प्लेट वीज देईल, मग मी फिरेन."

टपाक टपाक!

"प्लेटताई, प्लेटताई, वीज दे ना गं! प्लेट वीज देईना, पंप फिरेना, डोणी भरेना. माझी बाळं पोहतील कशी?"

प्लेट म्हणाली, "माझ्या अंगभर कुरडया! ऊन लागेल कुठे? काकू कुरडया उचलेल, मग मी वीज देईन."

टपाक टपाक!

"काकू, काकू, कुरडया उचल ना गं! काकू कुरडया उचलेना, प्लेट वीज देईना, पंप फिरेना, डोणी भरेना. माझी बाळं पोहतील कशी?"

सगुणाकाकू हसली. "अगं बाई! एवढीशी तू, आवाज केवढा! माझ्या खाटेवर बसलाय बोकड. ढिम्म! मग कुरडया वाळवू कुठे? बोकड उठेल, मग मी कुरडया उचलेन."

टपाक टपाक!

"बोकडदादा, बोकडदादा, ऊठ ना रे! बोकड उठेना, काकू कुरडया उचलेना, प्लेट वीज देईना, पंप फिरेना, डोणी भरेना. माझी बाळं पोहतील कशी?"

"बेंऽऽ!" बोकड म्हणाला. "कानामागे खाज सुटलीय. खूर पोचत नाही. कुणी खाजवेल, मग मी उठेन."

आता कुणाकडे जायचं? पुढे तर कुणीच नाही!

"मीच खाजवते!"

टपाक! डुबी बसली कानावर. खाजव खाजव, खाजव खाजव!

"हाऽऽ! काय बरं वाटलं!"

बोकड उठला. काकूने कुरडया उचलल्या. प्लेटने वीज दिली. पंप फिरला, घुर्र घुर्र! डोणी भरली, खळखळ खळखळ! बाळं पोहली, सुळकन सुळकन!

"अगोबाई!" काकू म्हणाली. "माझ्या कुरडयांनीच पाणी अडवलं होय? आता वाळवण खाटेवरच!"

सांडलेलं पाणी गेलं भेंडीच्या वाफ्यात. बोकडाने डोणीत तोंड घातलं.

"बोकडदादा, हळू पी हं! आत बाळं आहेत."

डोणी भरली काठोकाठ,
गोष्टीची सुटली गाठ.