विहिरीतली साक्ष

प्रवरेच्या काठी बेलथडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दगडी देवळामागच्या खोपटात याकोबबुवा महाराज राहत. ख्रिस्ती मंडळींची घरे चाळीस-पन्नासच, पण महाराजांच्या कीर्तनाला सारा गाव लोटे. कमरेपर्यंत रुळणारी पांढरी दाढी, हाती वीणा, आणि विषय बहुधा एकच. प्रभू मेलेल्यांतून उठले, आणि ज्यांनी त्यांना पाहिले त्यांच्या साक्षीवर आपला विश्वास उभा आहे.

एकदा कीर्तनाला शमुवेलराव वकील आले. त्यांची मोठी जमीन बेलथडीत, पण राहणे तालुक्याला. ते मध्येच म्हणाले, "बुवा, कबर रिकामी असल्याचं आधी सांगितलं बायकांनी, मग कोळ्यांनी. असले साक्षीदार मी अर्ध्या घटकेत मोडून काढतो."

महाराज शांतपणे म्हणाले, "मोडून पाहिले, रावसाहेब. चाबकानं पाहिलं, तलवारीनं पाहिलं. साक्ष कुणी फिरवली नाही. आणि खोटं रचणारा माणूस स्वतःला शूर म्हणवतो. हे तर सांगतात, आम्ही भ्यालो, पळालो, बायकांचं ऐकलं नाही."

वकील नुसते हसले आणि उठून गेले.

पुढे चैत्रात महाराजांना तापाने घेरले. वकिलांच्या पत्नी एस्तेरबाई महाराजांच्या भक्त. त्यांनी औषधपाण्यासाठी त्यांना आपल्या तालुक्याच्या घरी नेले. इकडे बेलथडीत वकिलांच्या विहिरीची खोदाई चालली होती. मंगळवारी सकाळी तिचा एक काठ ढासळला आणि तळाशी असलेले दोघे जण आत गाडले गेले. एक पौलस. दुसरा शांतवन, महाराजांचे अंगण झाडणारा, अडखळत बोलणारा गरीब माणूस. गाव त्याला खुळा म्हणे.

बुधवारी सायंकाळी वकिलांना बातमी पोचली. गुरुवारी पहाटेच टांगा जोडून ते दुपारपर्यंत गावी आले. त्याच वेळी लोकांनी शांतवनाला बाहेर काढले होते. एका खडकाच्या कपारीखाली तो वाचला होता. वकिलांनी विहिरीत वाकून पाहिले. उरलेल्या भिंतीला भेग पडली होती.

"पौलस गेला," ते म्हणाले. "आता कुणी उतरायचं नाही. एका प्रेतासाठी आणखी चार जीव घालवू का?"

पौलसाची बायको रंगूबाई काठाशी बसली होती. ती रडत नव्हती. तेवढ्यात शांतवन म्हणाला, "पौलस जिता हाय. महाराज त्याच्याकडं गेलेत."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"कोण महाराज?" वकिलांनी विचारले.

"आपले. दोन दिस माझ्यापाशी बसले व्हते, हात धरून. मगाशी म्हनले, तुला आता वर घेतील. मी दरडीपल्याड पौलसकडं जातो, त्याच्या गुडघ्यापत्तोर पानी चढलंय."

"महाराज माझ्या घरी खाटेवर बेशुद्ध आहेत. मी पाहून आलो. अंधारात तुला ते दिसले कसे?"

"दिसले न्हाईत. हातानं चाचपलं. आधी वाटलं दुसरंच कुनी हाय. दाढी नव्हती, डोकंबी तुळतुळीत. मी लई भ्यालो. मग त्यांनी नाव घिऊन हाक मारली, तवा वळखलं."

लोक हसले. बिनदाढीचे महाराज! कोणी म्हणाले, खुळं होतं ते आता पुरतं वेडं झालं.

वकील मात्र हसले नाहीत. मंगळवारी दुपारी वैद्याने लेप लावण्यासाठी महाराजांची दाढी आणि डोके भादरवले होते. बारा कोसांवरच्या त्या घरातून गावात त्यांच्याखेरीज कोणी आले नव्हते, आणि त्यांनी तर कोणाला सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी एस्तेरबाईंनाही सांगितली नव्हती. महाराजांनी तापाच्या भरात उठून बाहेर जाऊ नये म्हणून खोलीला बाहेरून कडी असे. बुधवारी दुपारी ती कडी काढून ते महाराजांच्या खोलीत गेले, तेव्हा पांघरूण बाजूला सरकलेले होते आणि महाराजांचे पाय गुडघ्यांपर्यंत काळ्या ओल्या गाळाने माखलेले होते. जमीन कोरडी होती. पाऊल कुठेच उमटले नव्हते. खोलीत खोल, ऊन न पाहिलेल्या मातीचा वास भरला होता. महाराजांची उजवी मूठ अर्धी मिटलेली, जणू तिच्यात दुसऱ्या कोणाचा हात आहे. आणि डोळे मिटलेले असूनही ओठ हळूहळू हलत होते, भ्यालेल्या लेकराची समजूत घालावी तसे. विहीर ढासळल्याची वार्ता तेव्हा आलीही नव्हती. वकिलांनी स्वतः पंच्याने ते पाय पुसले, पंचा जाळला आणि आपण काही पाहिलेच नाही, असे मनाला बजावले.

रंगूबाई आता त्यांच्याकडेच पाहत होती. ती म्हणाली, "रावसाब, त्यो खोटं बोलतोय का?"

वकील नुसते गप्प राहिले असते तरी लोक घरी गेले असते.

"नाही," शमुवेलराव म्हणाले. "दाढी मंगळवारी काढली. आणि बुधवारी मी जे पाहिलं ते लपवलं." मग त्यांनी सगळे सांगितले. कोणी हसले नाही. त्यांनी कोट उतरवला, दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि म्हणाले, "भिंतीला वासे लावा. आधी मी उतरतो."

दिवस मावळायच्या सुमारास दरड फुटली. पलीकडे छातीभर पाण्यात पौलस उभा होता, जिवंत! हात कोणाला तरी धरल्यासारखा पुढे केलेला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "महाराज कुठं गेले? आत्ता हितंच व्हते."

दुसऱ्या दिवशी महाराजांचा ताप उतरला. शमुवेलराव घरी परतून त्यांच्या पायांवर पडले. सारे ऐकून महाराजांनी त्यांना हाताने उठवले. मग म्हणाले, "मी तापात होतो. मला यातलं काही ठाऊक नाही, आणि जे मी पाहिलं नाही त्याची साक्ष मी देणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगावं. माझ्या पाया कशाला पडता? ज्याला लोक हसले त्याच्याकडे जा."

भाविकहो, त्याच रविवारी शमुवेलराव देवळात उभे राहिले आणि आपण गाळ पुसल्यापासून सारे सांगितले. तालुक्याहून आलेला त्यांचा एक वकील मित्र मोठ्याने हसला. "उन्हाचा भास, शमुवेलराव. कोर्टात हे टिकेल का?"

"टिकणार नाही," ते म्हणाले. "तरी मी पाहिलं आहे."

मग ते सगळ्यांमधून चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. तेथे जोडे काढून ठेवायच्या जागेशी शांतवन बसला होता. रावसाहेब वाकताहेत हे पाहून त्याने घाबरून पाय पोटाशी ओढून घेतले. तेव्हा शमुवेलरावांनी त्याच्यासमोरच्या भुईवर डोके टेकले, आणि पुढचे गीत संपेपर्यंत ते उठले नाहीत.