केरबाचा डावा पाय

“मग डाव्या पायानं करायचं काय, उस्ताद?”

“काही नाही.”

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही. मागं घे, सीटच्या बुडाशी ठेव, आणि विसरून जा.”

केरबा सुतार हसला. ते हसू थोडं कडू होतं.

केरबानं एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक आरसासुद्धा फुटला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताच सांगत असे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांतच साखरेच्या आजारानं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तिथं कृत्रिम पाय होता. त्यावर आपण काठीशिवाय चालतो, हेही तो न विचारताच सांगे.

शेजारी बसले होते ते बाबालाल अत्तार. वय एकोणऐंशी. मलकापूर भागात निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. केरबाही विसाव्या वर्षी त्यांच्याच जीपमध्ये गिअर टाकायला शिकला होता.

बेचाळीस वर्षांनी तो पुन्हा त्यांच्या शेजारी बसला होता, आणि ते त्याला आवडलं नव्हतं.

गाडी त्याच्या मुलीची. सुवर्णा पुण्यात नर्स होती. तिनं स्वतःसाठी दुसरी गाडी घेतली आणि आपली जुनी, ऑटोमॅटिक, वडिलांच्या दारात आणून उभी केली. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, शिकायचा परवाना निघाला. आता फक्त शिकायचं राहिलं होतं.

ज्याला क्लच नाही त्याला गाडी कशाला म्हणायचं, असं केरबा घरी म्हणाला होता. तरी तो आला, कारण अनुसया.

अनुसया त्याची बायको. तिची थोरली बहीण भागीरथी आंबा घाटाखाली साखरप्याजवळ एका वाडीत राहायची आणि गेलं दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली होती. केरबाला एसटीच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. त्याला एकटं सोडून अनुसया जात नव्हती. जायचंय, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. ती म्हणाली असती, तर केरबाला इतकं लागलं नसतं.

गावाबाहेर कौलांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या मोकळ्या आवारात उस्तादांनी शिकवणं सुरू केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, की उजवा पाय ब्रेकवर दाबून ठेवल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, आणि दांडा हलवायचा नाही.

केरबानं ब्रेक दाबला, दांडा पुढं जायच्या ‘डी’वर आणला आणि पाय उचलला.

गाडी आपोआप पुढं सरकली.

“रेस न्हाई दिली मी,” केरबा म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग ही चालली कशी?”

“ती चालतेच. टँकरला तू चालवायचास, केरबा. हिला तू थांबवायचं.”

केरबाला हे काही मोठं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी पुरती थांबायच्या आधीच दांडा मागच्या गिअरवर ओढला. उस्तादांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि गाडी थांबेपर्यंत तो तसाच ठेवला. उभी करतानाही आधी हातब्रेक ओढायचा आणि मग दांडा उभं राहायच्या ‘पी’वर न्यायचा, हे त्यांनी सहा वेळा करून घेतलं. सातव्या वेळी केरबा म्हणाला, की मी एकतीस वर्षं घाटातनं टँकर उतरवलाय.

उस्ताद म्हणाले, आठव्यांदा कर.

तिसऱ्या दिवशी अनुसया चहा घेऊन आली.

केरबा आवारात एक फेरी मारून थांबला होता. दांडा ‘डी’वरच होता आणि उजवा पाय ब्रेकवर. ती किटली घेऊन समोरून चालत येत होती. तिला बघून त्याचा जीव सैल झाला, आणि त्याबरोबर उजवा पायही.

गाडी सरकली.

केरबानं ते पाहिलं. त्यानं लगेच पाय दाबला. घट्ट दाबला.

गाडी सरकतच राहिली…

उस्तादांनी हातब्रेक खेचला.

गाडी थांबली तेव्हा अनुसया बंपरपासून हातभर अंतरावर होती. गाडी हलली हे तिच्या ध्यानातही आलं नसावं असं वाटलं. तिनं किटली वर धरून विचारलं, की आत्ता घेताय का फेरी संपल्यावर.

केरबानं दांडा ‘पी’वर नेला.

ती किटली ठेवून परत गेल्यावर तो म्हणाला, “मी दाबला होता.”

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं.

“क्लच दाबला मी, उस्ताद. तळव्याला लागला. आत्ता तुम्ही शेजारी हाय ते जितकं खरं, तितकं खरं.”

“हं.”

“पाय न्हाई तिथं. क्लचबी न्हाई.”

उस्तादांनी किटलीचं झाकण काढलं.

“आन् म्या दाबला.”

उस्तादांनी किटलीतला चहा झाकणात ओतला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो प्यायला नाही.

त्यानंतर चार दिवस केरबा आवारात आला नाही. दारातल्या गाडीवर त्यानं चादर टाकली. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं अनुसयाला सांगितलं, की त्या दिवशी गाडी तुझ्या अंगावर येणार होती, मला थांबवता आली नाही.

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “तुमचं तोंड दिसलं की मला काचेतनं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“चहा निवला असता.”

केरबा उंबऱ्यावर जाऊन बसला.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. उस्ताद आले होते, आपली जुनी जीप घेऊन. शिकवायची जीप असल्यामुळे तिच्यात दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक होते. केरबा हिच्यावरच शिकला नव्हता, पण हिच्या थोरल्या बहिणीवर शिकला होता म्हटलं तरी चाललं असतं.

त्यांनी खाली उतरून केरबाला चालकाच्या जागेकडं बोट दाखवलं.

केरबानं मान हलवली. क्लच कोण दाबणार, असं त्यानं विचारलं.

“मी,” उस्ताद म्हणाले.

दोघं आवारात गेले. केरबा स्टिअरिंगमागं बसला. पाय गेल्यापासून पावणेदोन वर्षांनी क्लचच्या गाडीचा दांडा त्याच्या मुठीत आला होता. त्यानं तो नुसता धरला. नंतर अंगठ्यानं वरची गुळगुळीत मूठ चोळली.

“सांग,” उस्ताद म्हणाले.

“काय सांगू?”

“क्लच कधी दाबायचा ते. तू सांगितल्याशिवाय मी दाबणार नाही.”

केरबाला ते जमेना. उस्तादांना हुकूम कसा द्यायचा? शेवटी तो हळूच म्हणाला, “दाबा की, उस्ताद.”

“की नको. उस्तादही नको. नुसतं दाबा म्हण.”

“दाबा.”

उस्तादांनी दाबला. केरबानं पहिला टाकला. सोडा म्हणाला. त्यांचा म्हातारा पाय हळूहळू वर आला, केरबाच्या उजव्या पायानं रेस दिली, आणि जीप गुळगुळीत निघाली. जणू एकाच माणसाचे दोन पाय होते.

दाबा. दुसरा. सोडा.

दाबा. तिसरा. सोडा.

कारखान्याच्या धुरांड्याला त्यांनी तीन फेऱ्या घातल्या. कोवळं ऊन पडलं होतं. फुटक्या कौलांवर चिमण्या बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीपासून केरबा बोलायला लागला. कशेडी, कात्रज, पहाटेचा वाशी नाका, बर्फाच्या गाड्या… उस्ताद ऐकत होते आणि सांगेल तेव्हा पाय दाबत होते.

चौथ्या फेरीत, बोलता बोलता, केरबानं दांडा ओढला.

गिअर खर्रकन किंचाळला. चिमण्या उडाल्या.

जीप आचके देत थांबली.

“मला सांगितलं नाहीस,” उस्ताद म्हणाले.



“सवय न्हाई, उस्ताद,” तो म्हणाला. “माझा पाय न सांगता दाबायचा.”

…

मग एकतीस वर्षं टँकर चालवलेला तो माणूस रडला. आवाज न करता, दांड्यावरची मूठ न सोडता रडला. दवाखान्यात पाय कापला तेव्हा तो रडला नव्हता. लोकांना तो हेही सांगत असे.

उस्तादांनी त्याला रडू दिलं.

नंतर ते खाली उतरले, जीपला वळसा घालून त्याच्या बाजूला आले आणि दार उघडलं. गुडघे धरत कसेबसे वाकले. केरबाच्या डाव्या पायाला, त्या कृत्रिम पावलाला, त्यांनी दोन्ही हात लावले आणि ते हात आपल्या कपाळाला टेकवले.

केरबा हबकला. त्यानं त्यांना उठवायला हात पुढं केला. उस्ताद, हे काय करताय, तुम्ही माझ्या पाया पडायचं व्हय, असं काहीतरी तो पुटपुटला.

“तुझ्या नाही,” उस्ताद म्हणाले. “याच्या. याला मी शिकवलं होतं. एकतीस वर्षं यानं माझं नाव खाली पडू दिलं नाही.”

मग त्यांनी ते पाऊल हातात धरून क्लचवरून उचललं आणि सीटच्या बुडाशी नेऊन ठेवलं. निजलेल्या लेकराचा हात बाजूला ठेवावा, तसं.

दुसऱ्या दिवशी केरबानं गाडीवरची चादर काढली.

आता तो गाडीत बसला की आधी स्वतःच्या हातानं डावा पाय उचलून मागं ठेवायचा, आणि मगच किल्ली लावायचा. उस्तादांनी त्याच्याकडून नुसतं थांबणं करून घेतलं. सरळ जाताना थांब. वळताना थांब. मागं घेताना थांब. कौलं वाहायची एक रिकामी पाटी ते वाटेत ठेवायचे, कधी सांगून, कधी न सांगता. पहिले काही दिवस पाटी दिसली की केरबाची डावी मांडी ताठ व्हायची. नंतर नंतर ती हलेनाशी झाली, आणि उजवा पाय एकटाच ब्रेकवर जाऊ लागला. सिग्नलला उभं राहिल्यासारखं पाच पाच मिनिटं ब्रेक धरून बसायलाही तो शिकला.

एकतीस वर्षांचा उल्लेख त्या दोन महिन्यांत पुन्हा झाला नाही.

परीक्षा झाली, परवाना आला. तो हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी अनुसयानं भागीरथीसाठी पातळ भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली. केरबानं उस्तादांना बरोबर यायची विनंती केली. ते मागच्या सीटवर बसले आणि बसताना म्हणाले, की मी आज काही सांगणार नाही.

घाटाच्या तोंडाशी केरबानं गाडी बाजूला घेतली. पुरती थांबवली. डावा पाय मागं आहे ना, हे हातानं चाचपून पाहिलं. उतार लागायच्या आधीच दांडा खालच्या गिअरवर आणला, म्हणजे गाडीचा वेग इंजिनच धरून ठेवील आणि ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागणार नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, असं उस्तादांनी त्याला विसाव्या वर्षी शिकवलं होतं. ते इथंही तसंच होतं. त्याला त्याचं जरा बरं वाटलं.

अनुसया शेजारी बसली होती. तिनं दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर केळीचा एक ट्रक बंद पडून आडवा उभा होता. केरबानं गाडी थांबवली. ट्रकवाले दगड लावत होते, हाका मारत होते, मागून हॉर्न वाजत होते. उतारावर, ब्रेक धरून, तो दहा मिनिटं बसला. एकदाही वळून उस्तादांकडं पाहिलं नाही. वाट मोकळी झाल्यावर त्यानं पाय हळूच उचलला, आणि गाडी पाण्यासारखी खाली निघाली.

पुढची वळणं एकामागून एक मागं पडली.

खाली उतरल्यावर हवा दमट झाली, आंब्याची झाडं लागली. वाडीची पाटी आली. केरबानं भागीरथीच्या अंगणात, फणसाच्या सावलीत, गाडी नेली. ब्रेक. हातब्रेक. मग दांडा ‘पी’वर. किल्ली फिरवली.

सगळं शांत झालं…

तो तसाच बसून राहिला. उस्ताद वाटेत एक शब्दही बोलले नव्हते. ट्रकपाशी जास्त वेळ ब्रेक धरला होता का? चौथं वळण रुंद घेतलं होतं का? त्याला काही कळेना.

शेवटी त्यानं मागं वळून विचारलं, “उस्ताद, जमलं का मला?”

उस्तादांनी शेजारच्या सीटकडं पाहिलं. अनुसयाचं डोकं काचेला टेकलं होतं. तोंड थोडं उघडं होतं. दोन्ही हात मांडीत मोकळे पडले होते.

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “झोपलीय ती.”