महिपती, रिमोट आणि मधली माणसं

खडकवस्ती नावाच्या गावात एक भोळा ड्रायव्हर होता, महिपती त्याचं नाव. गाडी सरळ चालवायचा, हॉर्न जपून वाजवायचा, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. या तिसऱ्या गुणापायी त्याच्या चार नोकऱ्या सुटल्या होत्या. चौथी सुटली तेव्हा त्याची बायको शेवंता पिशवी भरून माहेरी गेली. सासऱ्यानं निरोप धाडला, "एका मालकाकडं सलग दोन महिने टिकून दाखवा, मगच लेक नांदायला पाठवतो."

म्हणून महिपती दादासाहेब भोइट्यांच्या गाडीवर लागला तो कान टवकारूनच. कुणी काही शिकवलं की ते मनात पक्कं करायचं आणि वेळ आली की तसंच करायचं, असं त्यानं ठरवलं. वेळ कुठली आली, हे तेवढं त्याला कळायचं नाही.

दादासाहेबांच्या लेकीचं, प्राजक्ताचं, लग्न जमत आलं होतं. ते मुलाचं घर बघायला गेले, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी गच्चीत उभ्या उभ्या रिमोटचं बटण दाबलं. खाली फाटकाबाहेर त्यांची गाडी 'टुक टुक' बोलली आणि दिवे मिचकावले. व्याही नुसते हसले. दादासाहेबांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांची स्वतःची गाडी चार पावलांवर गेल्याशिवाय हूं की चूं करत नव्हती.

घरी आल्या आल्या त्यांनी महिपतीला बोलावलं.

"हा रिमोट तालुक्याला घेऊन जा. त्याची रेंज वाढवून आण. लग्नाची सुपारी फोडायला व्याही इथं येतील, तेव्हा आपली गाडी लिंबाखालनं बोलली पाहिजे."

"व्हय मालक."

तालुक्याला इकबालभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी रिमोट उघडला, आतला सेल बदलला आणि म्हणाले, "आता एक युक्ती सांगतो. लांबून दाबायचं असेल तर रिमोट हनुवटीखाली टेकवायचा, तोंड उघडं ठेवायचं आणि मग दाबायचं. माणसाचं डोकं एरियलसारखं काम करतं."

महिपतीनं दुकानाबाहेर जाऊन रिमोट हनुवटीला लावला, आ वासला आणि बटण दाबलं. पार बँकेपाशी उभी असलेली गाडी 'टुक टुक' बोलली. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं डोकं कुठंतरी उपयोगी पडतं, हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेब, म्हणजे दादासाहेबांच्या मंडळी, अंगणात आल्या. ओढ्यापलीकडून गुरुजी सायकलवरून चालले होते.

"महिपती, पळ! गुरुजींना थांबव. सुपारीचा मुहूर्त विचारायचाय."

महिपती पळाला. ओढ्याच्या काठाशी उभा राहिला. गुरुजी लांब होते. त्यानं खिशातून रिमोट काढला, हनुवटीखाली धरला, आ वासला आणि गुरुजींकडं बघून बटण दाबलं. मागे अंगणात गाडी बोलली. गुरुजी गेले. त्यानं आणखी दोनदा दाबलं. गाडी आणखी दोनदा बोलली. गुरुजी वळणाआड गेले.

वहिनीसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, लांबच्या माणसाला असं थांबवतात का? उंचावर चढावं, दोन्ही हात हलवावेत आणि नाव घेऊन ओरडावं!"

"व्हय वैनीसाहेब. आता चुकायचं न्हाई."

आणि चुकला नाही. आठवड्याभरात दादासाहेब शेजारच्या गावी एका घरी दुखवट्याला बसायला गेले. घरातला कर्ता माणूस गेला होता. आत जाताना ते महिपतीला म्हणाले, "अर्ध्या तासानं मला आठवण कर. पुढं बाजारात जायचंय."

अर्धा तास झाला. महिपतीनं दारातून आत डोकावलं. वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून बसली होती आणि दादासाहेब पार पलीकडच्या भिंतीशी होते. म्हणजे लांबच की. महिपती गोठ्याच्या पत्र्यावर चढला. दोन्ही हात हलवले. आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दादासाहेब भोइटेऽऽ! ओ दादासाहेब भोइटेऽऽ!"

आतली सगळी माणसं धडपडत बाहेर आली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं बिबट्या आला. बघतात तर पत्र्यावर एक माणूस नाचतोय.

"अर्धा तास झाला मालक!" महिपती वरून म्हणाला.

गाडीत बसल्यावर दादासाहेबांनी आधी काचा वर करून घेतल्या. मग म्हणाले, "अरे, माणसाची काही रीतभात असते. जवळ यावं. हात जोडावेत. कानाशी वाकून हळूच सांगावं. कळलं?"

"कळलं मालक. हात जोडायचं, कानात सांगायचं." महिपतीनं ते तीनदा म्हणून घेतलं. नोकरीचा दीड महिना झाला होता आणि त्याला हल्ली शेवंता स्वप्नात पिशवी घेऊन उलटी, म्हणजे घराकडं, चालत येताना दिसायची.

तिथून ते बाजारात गेले. दादासाहेबांनी मुलाकडच्या बायकांसाठी साड्या घेतल्या, पाच किलो पेढे घेतले. दोन्ही हात भरलेले, डोक्यावर ऊन. गाडीपाशी पोचता पोचता ते म्हणाले, "महिपती, पुढं हो. गाडी उघड."

महिपती पुढं झाला. गाडीजवळ गेला. हात जोडले. आता गाडीचा कान कोणता? दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते आरसे, तेच असणार. तो उजव्या आरशाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "जरा उघडता का? मालक आल्यात."

गाडी उघडली नाही. महिपती पलीकडं गेला आणि डाव्या कानात सांगितलं. भाजीवाल्या उठून बघायला लागल्या. एकीनं त्याला विचारलं, "काय म्हणती ती?"

"रुसलीय बहुतेक," महिपती म्हणाला.

"अरे रिमोट! रिमोट दाब!" दादासाहेब ओरडले. महिपती लगेच मागे पळाला. रिमोट लांबून दाबायचा असतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. कांद्याच्या टेंपोमागं जाऊन त्यानं हनुवटीला रिमोट लावला, आ वासला, दाबलं. काही झालं नाही. तोवर पेढ्याचा पुडा फाटला होता.

दादासाहेबांनी तिथूनच इकबालभाईंना स्पीकरवर फोन लावला. "काय हो, कधी बोलते, कधी बोलत नाही!"

इकबालभाई म्हणाले, "मध्ये काही येत असेल साहेब. भिंत, टेंपो, माणसांची गर्दीसुद्धा. मधलं सगळं बाजूला करा, लांबून लागेल."

"ऐकलंस?" दादासाहेब महिपतीला म्हणाले. "आता हे एक लक्षात ठेव. मध्ये काही राहता कामा नये."

"न्हाई ऱ्हायचं मालक."

सुपारीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव घातला होता. गाडी पलीकडं रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली लावलेली. दादासाहेबांनी महिपतीला ओसरीवर नेऊन एका फरशीवर उभं केलं.

"इथनं हलायचं नाही, दुसरं काम पडलं तरच हल. सगळे बसले की मी मान हलवीन. मान हलली की बटण दाबायचं. गाडी बोलली पाहिजे. आज चुकलास तर उद्यापासून येऊ नको."

महिपतीनं बोटांवर दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी बरोबर दोन महिने भरत होते.

व्याही आले. त्यांच्याबरोबर बारा-पंधरा माणसं आली, दोन गाड्या आल्या. सगळे मांडवात बसले, लाडू-चिवडा फिरला, आणि दादासाहेब फेटा बांधायला आत गेले.

महिपतीनं ओसरीवरून लिंबाकडं बघितलं. मध्ये केवढं तरी होतं! त्यानं सुरुवात केली. आधी दोरीवरची धुणी काढली. मग शेळी सोडली. मांडवाची रस्त्याकडची कनात सोडवून गुंडाळून ठेवली. पाण्याचं पिंप सरकवलं. पुन्हा ओसरीवर जाऊन एक डोळा मिटून बघितलं. आता नुसती माणसंच उरली होती.

माणसांची रीत त्याला ठाऊक होती. तो व्याह्यांजवळ गेला, हात जोडले आणि कानाशी वाकून हळूच म्हणाला, "साहेब, तुमी मधी येताय. उठा आन् निघा."

व्याह्यांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"मालकच म्हणाल्यात. मधी कायबी ऱ्हाता कामा नये."

"आम्हीसुद्धा?"

"तुमीच तर समद्यांत जास्त मधी हाय."

व्याही उठले. ते उठले म्हणून विहीणबाई उठल्या, मामा उठले, काका उठले. नवऱ्या मुलानं अर्धा लाडू ताटलीत परत ठेवला. गुरुजींनी पंचांग मिटलं. त्यांच्या दोन गाड्याही मध्येच उभ्या होत्या, पण त्या त्यांनी आपल्या आपण नेल्या. तेवढं एक काम वाचलं म्हणून महिपतीला बरं वाटलं.

दादासाहेब फेटा बांधून, हातात सुपारीचं तबक घेऊन बाहेर आले. मांडव रिकामा. रस्त्यावर नुसता धुरळा.

"अरे, माणसं कुठं गेली?"

"मोकळं केलं मालक. समदं मोकळं केलं."

दादासाहेब चालत मांडवाच्या मधोमध आले आणि धुरळ्याकडं बघत उभे राहिले. महिपती लगबगीनं खाली उतरला. हात जोडले. कानाशी वाकला.

"मालक, आता मधी तुमीच ऱ्हायलाय."

त्यानं त्यांना दंडाला धरून अलगद दोन पावलं बाजूला केलं आणि धावत आपल्या फरशीवर जाऊन उभा राहिला. फेट्यासकट दादासाहेबांची मान आपोआप हलायला लागली.

महिपती त्याचीच वाट बघत होता. त्यानं हनुवटीला रिमोट लावला, आ वासला आणि दाबलं.

लिंबाखालून गाडी 'टुक टुक' बोलली. दिवेही मिचकावले.

"बोलली मालक!" महिपती आनंदानं ओरडला. "आता उद्या शेवंताला आणाय हीच गाडी नेऊ का?"