राणीची मूठ आणि वन्संचं ताट

एका राज्यात तांबड्या मातीचं एक लहानसं नगर होतं. तिथं उदेभान नावाचा राजा होता, रत्नमाला त्याची राणी होती, पोवळी नावाची सात वर्षांची त्यांची लेक होती. आणि राजाची बहीण होती, सगुणा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. राणी तिला वन्सं म्हणे, ती राणीला वहिनी म्हणे.

राजा असला तरी घरची चूल राणीच्याच हातची, अशी त्या घराची रीत. जेवणारी तोंडं चाळीस. दर तोंडामागं एक चिपटं, म्हणजे एक लहान माप, तांदूळ. सगळ्यांची चिपटी हंड्यात पडली की रांधणारीनं शेवटी स्वतःचं चिपटं भरायचं, त्यातली एक मूठ परत काढायची आणि कोनाड्यातल्या मडक्यात टाकायची. पाऊस रुसला, पाहुणा आला, कुणी बाळंतीण झाली, तर ते मडकं उतरायचं. राणीची सासू मरताना एवढंच सांगून गेली होती, "सूनबाई, मूठ काढ, पण तुझ्या मापातली काढ. दुसऱ्याच्या मापाला हात लावलास तर मडकं भरेल आणि घर रितं होईल."

राणी काही वाईट नव्हती. तिच्या माहेरी दुष्काळ पडला होता. लहानपणी तिनं तरवडाचा पाला उकडून खाल्ला होता, आणि तो पाला न पचून तिचा धाकटा भाऊ गेला होता. भरलेलं मडकं दिसलं की तिला झोप लागे, रिकामं दिसलं की छाती धडधडे. तेव्हा ती स्वतःची एक मूठ काढी, मग दोन काढू लागली. एके दिवशी सगुणेचं चिपटं भरताना तिच्या मनात आलं, वन्सं एकटं माणूस, त्यांना कितीसं लागतं. आणि तिनं त्यातलीही एक काढली.

आता भात शिजतो एकाच हंड्यात. कुणाच्या चिपट्यातली मूठ गेली हे भाताला कळत नाही, पण ताटाला कळतं. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी लेकरांची, तिसरी चाकरांची, चौथीला राणी आणि सगुणा. राणी स्वतःचं वाढून घेई, मग हंडा खरवडून उरेल ते वन्संना वाढी. चार घास झाले की डाव खाली ठेवी आणि विचारी, "वन्सं, पोट भरलं ना?"

"भरलं गं वहिनी," सगुणा म्हणे, आणि पाणी पिऊन उठे.

अशात एकदा दारात एक मांत्रिक आला. त्याचं नाव जोखणनाथ. तो कोरड्या विहिरीत राहायचा आणि त्याची सावली त्याच्या पुढं चालायची. त्यानं झोळीतून एक काळं चिपटं काढलं.

"राणीबाई, हे माप घे. वरून शिगोशीग दिसेल, आतून कमी भरेल. दर रांधणीला तीन मुठी मागं राहतील आणि कुणाच्या डोळ्याला दिसायचं नाही."

"आणि तुला काय देऊ?"

"घरात जी शेवटी जेवते, तिचं 'भरलं' मला दे."

राणी हसली. शब्द तो काय, वाऱ्याचा. "घे," म्हणाली.

त्या दिवसापासून मडकी भरू लागली. मडक्यांचे रांजण झाले, रांजणांनी कोठी भरली. राणी रोज कोठीत जाई, रांजणांवरून हात फिरवी आणि शांत होई. सगुणा मात्र झिजत गेली. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. राजा म्हणे, "ताई, वाळलीस गं." ती म्हणे, "उन्हाळा बाधला." पोवळी आपल्या ताटातला घास मुठीत लपवून आत्याला नेऊन देई, आणि आत्या तो चिमण्यांना घाली, कारण लेकराच्या तोंडचं तिच्या घशाखाली उतरत नसे. अशी दोनच वर्षं गेली, पण उपाशी माणसाची दोन वर्षं मोठी असतात.

मग एक दिवस चौथी पंगत बसली. राणीनं डाव खाली ठेवला आणि विचारलं, "वन्सं, पोट भरलं ना?" सगुणेनं तोंड उघडलं. पण 'भरलं' हा शब्दच तिच्यापाशी उरला नव्हता. राणी मडकं ठेवायला कोनाड्याकडं वळली, परत फिरली, तर पाटावर नुसतं लुगडं, आणि धुराड्यातून एक साळुंकी बाहेर उडाली. तिचे पाय पिवळे होते, हळद कांडून उठल्यासारखे.

राणीनं सगळ्यांना सांगितलं, "वन्सं रुसून गेल्या." तिला कळलं होतं की नव्हतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी राजा जेवायला बसला. एक ताट झालं, दोन झाली, पाच झाली. "वाढ," म्हणाला. पोट भरेना. चाकरांचं भरेना, लेकरांचं भरेना. ज्या घरातून 'भरलं' गेलं, त्या घरात आता कुणालाच भरलं म्हणता येईना. कोठीतले रांजण उतरले. राणीनं दोन वर्षांत मुठीमुठीनं राखलेलं चार महिन्यांत सरलं, आणि ते खाऊन कुणाच्या अंगी लागलं नाही. चाकर घर सोडून गेले. राजा खांबाला टेकून बसू लागला. आणि पोवळी खायची आणि वाळायची, खायची आणि वाळायची. तिचे डोळे मोठे झाले, मान बारीक झाली. वैद्य म्हणाला, "या पोरीला एकदा तृप्त करा. अमावास्येच्या आत झालं तर राहील."

तेव्हा राणीनं उरल्या पिठाची एक भाकरी बांधून घेतली आणि जोखणनाथाच्या विहिरीवर गेली. वाकून हाक मारली, "शब्द परत दे. काळं चिपटं घे."

विहिरीतून आवाज आला, "चिपटं तुझं तुलाच लखलाभ. शब्द माझ्या झोळीत आहेत, पण ते सगळे खोटे आहेत, राणीबाई. तुझी नणंद एकदाही खरं बोलली नाही. एक खरा आला की खोट्यांची गाठ सुटते."

"खरा कुठून आणू?"

"तीन कामं कर. कुणी न मोजलेलं धान्य आण. कुणी न मोजलेलं मीठ आण. मग ते रांधून, तुझ्या घरी जी शेवटी जेवायची तिला वाढ, आणि तिच्या तोंडून तू कधी न ऐकलेलं ते ऐक."

"ती कुठं आहे?"

"तू रोज जिला फडकं मारून हाकलतेस ती कोण, असं तुला वाटतं?"

राणी खाली बसली. परसातल्या शेवग्यावर रोज एक साळुंकी यायची, सुपाकडं बघायची, आणि राणी म्हणायची, हुश्श, दाणे खाईल मेली. मग उठली.

न मोजलेलं धान्य कुठं असतं? बाजारात नसतं, कोठीत नसतं. रानात मुंग्यांचं वारूळ होतं, तिथं गेली. मोठी मुंगी बाहेर आली.

"आमच्याकडं राळे आहेत. बदल्यात काय देतेस?"

"भाकरी आहे."

"ठेव."

राणीनं भाकरी सोडली. वाटेला लागेल म्हणून सवयीनं तिचा चतकोर मोडला आणि पदरात धरला.

मुंगी म्हणाली, "साठवण आम्हीही करतो, बाई. पण आधी मागची मुंगी जेवते. तो चतकोर कुणाचा?"

राणीनं चतकोर ठेवला. मुंग्यांनी पसाभर राळे बाहेर आणून दिले.

पुढं माळावर एक म्हातारी शेळ्या राखत होती. राणी उपाशीच तिच्यापाशी आली.

"कुणाची गं तू?"

"इथली राणी आहे."

"असशील. राण्या काटे मोडून घेत हिंडतात हे मला नवीन."

"आजी, मीठ हवं होतं. न मोजलेलं."

म्हातारी हसली, बोळकं दिसलं. "मीठ कोण मोजून देतं? तुझ्या घरी देतात का?"

राणी म्हणाली, "माझ्या घरी सगळं मोजून देतात."

म्हातारीचं हसू थांबलं. तिनं झोपडीतून मीठ आणलं, ओंजळ होती का चिमूट होती तेही न बघता राणीच्या ओच्यात टाकलं. शेळीचं दूध पाजलं. राणी अर्ध्यावर थांबली तशी म्हणाली, "पी. अजून आहे."

"आजी, हे फेडू कशानं?"

"फेडायला येऊ नकोस. जेवायला ये."

राणी घरी आली तो अमावास्येची दुपार होती. पोवळी चुलीजवळ गोधडीवर पडून होती. राणीनं काळं चिपटं चुलीत घातलं. राळे धुतले, न मोजता हंड्यात टाकले, तोच तिचा हात आपोआप आत गेला आणि मूठ भरून वर आला. इतक्या वर्षांची सवय. तिला वाटलं, ही एवढी एक, पोवळीसाठी. पोरीचा श्वास लागला होता. मूठ हंड्यावरच अडली.

पोवळी हळूच म्हणाली, "आई, आत्याला आधी."

राणीनं मूठ उघडली.

ओच्यातलं मीठ न मोजता घातलं आणि राळ्यांचा भात झाला. राणीनं परसात शेवग्याखाली पाट मांडला, ताट मांडलं, रांगोळीचं बोट ओढलं. आजवर पहिल्या पंगतीला मांडायची तसं. मग वर पाहिलं. साळुंकी फांदीवर होती, फडक्याच्या भीतीनं लांब सरकून बसलेली.

"वन्सं, जेवायला चला."

साळुंकी उतरली. पाटाशी बसली. राणीनं वाढलं, तिनं खाल्लं. ताट रिकामं झालं. राणीच्या ओठावर तेच जुनं आलं होतं, पोट भरलं ना. तिला तेव्हा उमगलं, की असं विचारलं की माणसाला एकच उत्तर देता येतं, आणि डाव तर ती विचारायच्या आधीच खाली ठेवत आली. तिनं डाव उचलला.

"अजून वाढू?"

साळुंकीनं मान वाकडी केली. मग म्हणाली, "वाढ."

इतकी वर्षं एका चुलीपाशी बसून राणीनं हे कधी ऐकलं नव्हतं. तिनं वाढलं. पुन्हा विचारलं.

"वाढ."

पुन्हा विचारलं. "वाढ." हंड्याचा तळ दिसला. आतून पोवळीनं कण्हल्यासारखं केलं. राणीनं खरवड सोडवली, मऊ मऊ वेचून ताटात घातली. तीही साळुंकीनं खाल्ली. आणि मग चोच पंखाला पुसून ती म्हणाली, "भरलं गं वहिनी."

तिकडं कोरड्या विहिरीत जोखणनाथाची झोळी फाटली. सगळे खोटे 'भरलं' भुशासारखे उडून गेले, आणि त्यांच्यामागं त्याची सावली गेली, आणि सावलीमागं तो गेला. विहिरीला पाणी लागलं.

राणी हंडा घेऊन आत धावली. बुडाला करपलेला एक पापुद्रा उरला होता, घासभर. तो तिनं पोवळीच्या तोंडात घातला. पोवळीनं चावला, गिळला, आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

"आई, भरलं."

राजा खांब सोडून उभा राहिला. शाप उतरला होता.

राणी परत परसात आली. साळुंकी पाटावरच होती. राणीनं तिच्यापुढं लुगड्याची घडी ठेवली, तेच लुगडं, धुऊन ठेवलेलं. "वन्सं, आता आपल्या रूपात या."

"ते रूप झिजून गेलं, वहिनी. आता एवढंच उरलंय, पंखांना पुरेल एवढं."

"मी तुम्हाला उपाशी ठेवलं."

"ठेवलंस," साळुंकी म्हणाली. "आणि मी सांगितलं नाही. पण उद्या मीठ जरा कमी घाल."

राणी हसली आणि तिथंच पदर तोंडाला लावून रडली. पुढं ती खूप जगली, पण लुगड्याची ती घडी तिनं कुणाला नेसू दिली नाही.

त्या वर्षी राळे पिकले, भात पिकला, गेलेले चाकर परतले. माळावरची म्हातारी पहिल्या पंगतीला जेवून गेली आणि शेळीचं एक करडू ठेवून गेली. कोनाड्यात पुन्हा एकच मडकं राहिलं, राणीच्या मापातल्या एका मुठीचं, आणि तेवढं दर वर्षी पुरलं. पोवळी मोठी झाली, भरल्या घरी गेली, चार लेकरांची आई झाली. तिच्या घरी अजून पहिला घास शेवग्याखाली जातो, रांधणारी मधल्या पंगतीत बसते, आणि पोट भरलं का असं कुणी कुणाला विचारत नाही. डाव हातात घेऊन विचारतात, अजून वाढू? आणि ज्याला हवं असतं तो म्हणतो, वाढ.