ठमाची पट्टी

करंजोळच्या देवराईखाली, डोंगराच्या उतारावर दहा हात रुंदीची एक उघडी पट्टी आहे. खाली गवत, वर गर्द झाडी आणि मध्ये ही लाल माती, जणू कोणी डोंगराचा भांग पाडला आहे. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना गावातले म्हातारे शिरपाबाबा आधी इथे उभे करतात. चूल कुठे मांडायची ते नंतर, आधी ठमाची हकिकत ऐकायची. कोणी घाई केली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

असे सांगतात की, फार पूर्वी या पट्टीवर ठमाचे घर होते. कारवीच्या भिंती, गवताचे छप्पर. तिचा नवरा महादू याने ते स्वतःच्या हातांनी उभारले आणि दोन वर्षांत तो तापाने गेला. मूलबाळ नव्हते. महादूचे म्हणून ठमाजवळ एवढे घरच उरले होते. कामावरून आली की त्याने रोवलेल्या मेढीला, घराच्या मधल्या खांबाला, पाठ टेकून ती घटकाभर बसे.

वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचे आणि वर माती घालायची, म्हणजे विस्तव भडकत नाही, दिवसभर धुमसत राहतो. त्या दुपारी सगळ्या गावाचे राब पेटलेले होते. ठमाच्या घशाला कोरड पडली. वाफ्याच्या कडेला निखारे दिसत होते, त्यांवर तिने दोन टोपल्या माती लोटली आणि ती देवराईतल्या झऱ्यावर पाणी प्यायला गेली. ज्या मातीने राब जिवंत ठेवायचा, त्याच मातीने तो विझला असे आपण कसे मानले, हे तिला पुढे जन्मभर उमगले नाही म्हणे.

वाफ्याच्या कडेला ऐनाचे वाळके खोड होते. विस्तव मातीखालून त्याच्या मुळीत शिरला, पलीकडे निघाला आणि वाऱ्याने गवत पेटले. ठमा झऱ्यावरून वळली तेव्हा जाळ उतार चढत होता. वर देवराई, आणि राईत गावाचा एकुलता एक झरा. राई गेली तर झरा आटणार, झरा आटला तर गाव उठणार. वाटेत होते फक्त ठमाचे घर. त्या छपराने उभ्या-उभ्या पेट घेतला असता, तर ठिणग्या थेट झाडीत पडल्या असत्या.

ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण माणसे पोचायला अवकाश होता. क्षणभर ती मेढीला हात लावून उभी राहिली. मग कोयत्याने दोऱ्या तोडून तिने छप्पर उताराकडे ओढून पाडले. बियाण्याची कणगी आतच राहिली. चुलीतली जळती काटकी घेऊन, राईच्या कडेच्या गुरवाटेपाशी तिने आपल्याच हाताने गवताला विस्तव लावला. राईकडे वळणारी ज्योत ओल्या डहाळीने झोडपली, खाली जाणारी जाऊ दिली. छप्पर पेटले, कणगी पेटली, मेढ पेटली. खालचा जाळ तिथवर आला तेव्हा त्याला खायला काही उरले नव्हते.

गाव धापा टाकत पोचले. पाटलांनी विचारले, "कुणाचा इस्तू ह्यो?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जो तो मनात आपलाच राब आठवत होता. ठमा गप्प राहिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता, उलट राई वाचवली म्हणून लोक तिच्या पाया पडले असते.

"इस्तू माझा," ती म्हणाली. "माती टाकली आन् पाठ फिरवली. हात लावून बघितला न्हाई."

पाटील म्हणाले, "तुझं घर गाव बांधून दील, पोरी. कुठं पायजे?"

"कुठंबी बांधा. पर हितं नगं. हितं पुन्यांदा गवताची काडीबी उगवू दिऊ नगा."

तिला नवे घर मिळाले आणि प्रत्येक घरातून ओंजळभर बियाणे आले, असे सांगतात.

आजही राब भाजण्याआधी सारे गाव ही पट्टी खरवडून घेते. आजही विस्तव पेटवणारा आधी मोठ्याने "इस्तू माझा" म्हणतो, पाण्याची कळशी जवळ ठेवतो आणि राखेत उघडा तळवा टेकल्याशिवाय उठत नाही. पाहुण्यांनाही यातून सूट नाही. सकाळी त्यांची निघायची गडबड चाललेली असते, तेव्हा शिरपाबाबा चुलीपाशी उकिडवे बसून विचारतात, "कुणाचा?" पेटवणारा पुढे होतो आणि राखेत हात ठेवतो. तो "गार आहे" म्हणाला, तरी बाबा आपलाही तळवा त्याच्या शेजारी टेकतात.